स्फटिकातील दोष आणि पूर्णतेचा प्रश्न

उच्च तापमानाच्या अतिसंवाहक पटलांमध्ये काही नॅनोमीटर आकाराचे दोष मुद्दाम पेरले जातात. ते पेरले नाहीत, तर तीव्र चुंबकीय क्षेत्रात पटल फारसे कामाचे राहत नाही. प्रयोगशाळांमध्ये ही आता नित्याची बाब झाली आहे, पण तिच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. दोष म्हणजे वस्तूत असलेली उणीव, की वस्तूकडून केलेल्या अपेक्षेचा भंग? उणीव म्हणावी, तर उणीव असलेली वस्तू उणीव नसलेल्या वस्तूपेक्षा सरस कशी ठरते? अपेक्षाभंग म्हणावा, तर दोष केवळ पाहणाऱ्याच्या मनात असतो असे मानावे लागेल का? तत्त्वज्ञांनी या प्रश्नाचा विचार बहुधा अंधत्व, आजार किंवा पाप या उदाहरणांवर केला. त्या उदाहरणांत दुःख आणि इच्छा मिसळलेल्या असतात, त्यामुळे विचार निर्मळ राहत नाही. स्फटिकाला वेदना नाही आणि आकांक्षाही नाही. त्याची रचना अणूअणूने तपासता येते. म्हणून पूर्णता आणि दोष यांचा संबंध तपासायला तो फार चांगला नमुना आहे.

१९११ साली लायडन येथे हाइके कामरलिंग ओनस यांच्या प्रयोगशाळेत ४.२ केल्व्हिन तापमानाला पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला आढळला. पुढची पंचाहत्तर वर्षे ही अतिसंवाहकता द्रव हेलियमच्या थंडीतली घटना राहिली. १९८६ मध्ये आयबीएमच्या झुरिकजवळील प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये ती ३० केल्व्हिनच्या वर दिसली. १९८७ मध्ये माउ-क्वेन वू, पॉल चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडमध्ये ती ९३ केल्व्हिनपर्यंत नेली. द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो. तो स्वस्त आणि मुबलक आहे, आणि या ऑक्साइडला अतिसंवाहक करायला तो पुरतो. या ऑक्साइडला संशोधक ‘वायबीसीओ’ म्हणतात. त्याच वर्षी अमेरिकेतील बेलकोर संस्थेत टी. वेंकटेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरच्या स्पंदांनी त्याची पातळ पटले तयार करून दाखवली. पुढचे सारे विवेचन मुख्यतः या एका पदार्थाबद्दल आहे.

या पदार्थाचा पूर्ण निर्दोष स्फटिक मिळाला, असे क्षणभर धरू. त्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यातून विद्युतप्रवाह सोडला, तर काय होईल? १९५७ मध्ये अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी हा पदार्थ ज्या वर्गात मोडतो त्या वर्गातील अतिसंवाहकांचे वर्तन सिद्धान्ताने मांडले. क्षेत्र एका मर्यादेपलीकडे गेले, की ते बारीक नळ्यांच्या रूपाने अतिसंवाहकात शिरते. प्रत्येक नळीभोवती विद्युतप्रवाह फिरत असतो, म्हणून तिला भोवरा म्हणतात. प्रत्येक भोवऱ्यात चुंबकीय फ्लक्सचा नेमका एक पुंज असतो. १ टेस्ला क्षेत्रात एका चौरस मायक्रोमीटरमध्ये असे सुमारे ४८० भोवरे मावतात आणि शेजारच्या दोन भोवऱ्यांत साधारण ४९ नॅनोमीटर अंतर पडते. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिसंवाहकता मेलेली असते. वायबीसीओमध्ये या गाभ्याची त्रिज्या दीड ते दोन नॅनोमीटर आहे. बाहेरून प्रवाह सोडला की भोवऱ्यांवर आडवे बल येते. ते सरकू लागतात, सरकताना विद्युतदाब निर्माण होतो आणि ऊर्जा उष्णतेत जाते. रोध परत येतो. निर्दोष स्फटिकात सगळ्या जागा सारख्याच असल्याने भोवऱ्याला थोपवून धरील असे सहसा काही नसते. मोठ्या क्षेत्रात असा स्फटिक तोट्याविना प्रवाह वाहू शकत नाही. पूर्ण स्फटिक अतिसंवाहक असतो खरा, पण ज्यासाठी अतिसंवाहक हवा असतो ते काम त्याच्याकडून होत नाही.

दोष हे काम कसे करतो, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. भोवऱ्याचा गाभा तयार होताना तेवढ्या भागातली अतिसंवाहकता मोडावी लागते आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. एखाद्या जागी अतिसंवाहकता आधीच नसेल, तर तिथे ही किंमत पडत नाही. भोवरा तिथे बसतो आणि हलायला तयार होत नाही. तो खिळला, असे म्हणतात. म्हणजे खिळवणारी जागा उपयोगी पडते ती स्वतः अतिसंवाहक नसल्यामुळेच. वरवर वाईट दिसणारी ती जागा आतून चांगली आहे, असे इथे म्हणता येत नाही. ती जागा खरोखरच निकामी आहे, तिच्यातून अतिसंवाहक प्रवाह जात नाही. लाभ होतो तो तिच्याबाहेरच्या पटलाला. हा भेद पुढे देवाच्या न्यायाविषयीच्या एका जुन्या युक्तिवादाकडे वळताना महत्त्वाचा ठरेल.

यातून पहिली गोष्ट स्पष्ट होते. स्फटिकाला पूर्ण म्हणताना दोन निरनिराळी मापे लावली जातात. एक माप सममितीचे आहे: एक घटक-कोष्ठ घ्यावे, ते ठराविक अंतराने तिन्ही दिशांनी सरकवत जावे आणि दर वेळी तीच मांडणी मिळावी. या मापाने पाहता कुठेही फरक पडला की तो दोष. दुसरे माप कार्याचे आहे: किती प्रवाह, किती क्षेत्रात, किती तापमानाला. पहिले माप भूमितीतून येते, दुसरे मानवी गरजेतून. ही दोन्ही मापे एकच निकाल देतात हा समज इतका सवयीचा आहे की तो गृहीत आहे हेच लक्षात येत नाही. सौंदर्य, शुद्धता आणि उपयोग एकाच ठिकाणी राहतात, ही प्लेटोच्या काळापासून चालत आलेली श्रद्धा त्यामागे आहे. वायबीसीओचे पटल ही श्रद्धा मोजून खोटी ठरवते. त्याच्या चांगल्या स्फटिकात ७७ केल्व्हिनला चौरस सेंटिमीटरमागे दहा हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह तोट्याविना वाहतो. पटलात तो दहा लाख अँपिअर आणि त्याहूनही वर जातो. पटल स्फटिकापेक्षा कितीतरी अधिक दोषपूर्ण असते.

पटल जन्माला येताना पाहिले, तर दोष त्यात कुठून येतात ते कळते. निर्वात केलेल्या कक्षात थोडा ऑक्सिजन सोडलेला असतो. एका बाजूला वायबीसीओची दाबून भाजलेली चकती फिरत असते. समोर काही सेंटिमीटरवर स्ट्रॉन्शियम टायटॅनेटसारख्या स्फटिकाचा गुळगुळीत तुकडा सातशे-आठशे अंश सेल्सिअसला तापवलेला असतो. अतिनील लेसरचा स्पंद चकतीवर पडला की पृष्ठभागावरचे द्रव्य प्रकाशमान शिखा होऊन उसळते आणि समोरच्या तुकड्यावर बसते. हजारो स्पंदांनंतर शंभर-दोनशे नॅनोमीटरचा थर तयार होतो. मग त्याला ऑक्सिजनमध्ये सावकाश थंड करावे लागते, नाहीतर तो अतिसंवाहक होतच नाही. अशा थराचा पृष्ठभाग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्यावर चक्राकार पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी सुमारे १.२ नॅनोमीटर, म्हणजे एका घटक-कोष्ठाइतकी उंच असते, आणि वळणाच्या मध्यभागी स्क्रू डिसलोकेशन असते. तिथे अणूंचे थर एका अक्षाभोवती सलग चढत जातात, त्यामुळे ते कधी बंद होत नाहीत. चौरस सेंटिमीटरमागे अशी अब्जभर केंद्रे १९९१ मध्येच मोजली गेली.

या चक्रांचे महत्त्व त्याआधीच, १९४९ मध्ये, फ्रेडरिक चार्ल्स फ्रँक यांनी ओळखले होते. सपाट, पूर्ण पृष्ठभागावर नव्या अणूला चिकटायला कोपरा सापडत नाही. प्रत्येक नवा थर सुरू होणे अवघड असते. स्क्रू डिसलोकेशनची पायरी मात्र कधीच संपत नाही, म्हणून तिच्या कडेने स्फटिक वाढत राहतो. इथे दोष स्फटिकाच्या वाढीची वाट होतो. आणि त्याच डिसलोकेशनच्या उभ्या रेषा पुढे भोवऱ्यांना खिळवून धरतात; पटलात प्रवाह इतका का वाहतो याचे हे उत्तर १९९९ मध्ये बर्नार्ड डॅम आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी दिले. ज्या प्रक्रियेने वस्तू घडली, तिच्याच खुणा तिच्या कामाला आल्या.

उष्मागतिकी याहून मूलभूत गोष्ट सांगते. शून्य केल्व्हिनच्या वर कोणत्याही तापमानाला, समतोल अवस्थेतल्या स्फटिकात काही जागा रिकाम्या असतातच. एक अणू काढायला ऊर्जा लागते, पण अणू कुठून काढला याच्या असंख्य शक्यता असल्याने एन्ट्रॉपी वाढते, आणि थोड्या रिकाम्या जागा असलेला स्फटिकच अधिक स्थिर ठरतो. पूर्ण स्फटिक ही निसर्गाने गाठू पाहिलेली आणि चुकलेली अवस्था नव्हे. ती भूमितीने आखलेली कल्पना आहे. निसर्ग तिच्याकडे जातच नाही.

वायबीसीओच्या बाबतीत प्रश्न आणखी खोल जातो. त्याच्या सूत्रात ऑक्सिजनचे ७ अणू लिहिले जातात, पण अतिसंवाहकतेचे सर्वोच्च तापमान मिळते ते ऑक्सिजन सुमारे ६.९३ असताना. ऑक्सिजन ६ वर आला की तोच पदार्थ विद्युतरोधक होतो. त्याच्या आधीच्या पदार्थाची कथाही अशीच आहे. लँथॅनम आणि तांब्याचे शुद्ध ऑक्साइड रोधकच असते. लँथॅनमच्या काही जागी बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम बसवला की त्यात अतिसंवाहकता उगवते. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत वस्तूचे सार वेगळे आणि तिला योगायोगाने चिकटलेले गुण वेगळे. सार गेले तर वस्तू जाते, योगायोगाचा गुण गेला तरी वस्तू राहते. या ऑक्साइडमध्ये रसायनशास्त्र ज्याला भेसळ किंवा त्रुटी म्हणेल, ती काढून टाकली तर ज्यासाठी पदार्थाला नाव मिळाले तेच नाहीसे होते. सार आणि योगायोग यांच्यातली रेषा इथे पदार्थाने आखून दिलेली नाही. कोणत्या वर्तनाबद्दल विचारायचे ते आधी ठरवल्याशिवाय ती आखताच येत नाही.

रिकाम्या जागेबद्दल बोलताना अभावाचा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्यावर भारतीय तर्कपरंपरेइतके काटेकोर काम क्वचितच कुठे झाले असेल. कणादाच्या सहा पदार्थांना, म्हणजे अस्तित्वाच्या मूलभूत प्रकारांना, वैशेषिकांनी पुढे अभाव हा सातवा पदार्थ जोडला. शिवादित्याच्या ‘सप्तपदार्थी’ या ग्रंथाच्या नावातच ती संख्या आहे. नैयायिकांच्या मते अभाव नुसता ‘नाही’ असा असू शकत नाही. तो कशाचा, हे सांगावे लागते, तो प्रतियोगी. आणि तो कुठे, हेही सांगावे लागते, ते अधिकरण. वायबीसीओच्या पटलात हे दोन्ही नेमके दाखवता येतात: प्रतियोगी ऑक्सिजन, अधिकरण तांबे-ऑक्सिजनच्या साखळीतली ठराविक जागा. त्याच पटलात सोन्याचाही अभाव आहे, पण त्याची कोणी दखल घेत नाही, कारण तिथे सोने अपेक्षितच नाही. प्राभाकर मीमांसकांनी मात्र अभाव हा वेगळा पदार्थ मानायचे नाकारले. रिकामे अधिकरण म्हणजेच अभाव, त्यापलीकडे काही नाही, असे ते म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ रिकामी जागा सरकली, तिने प्रभार वाहिला, ती दुसरीशी जुळली असे सहज बोलतात. प्राभाकर म्हणेल की सरकला तो ऑक्सिजन, उलट दिशेने. हिशोबाने दोघेही बरोबर आहेत. तरी रिकाम्या जागेला वस्तू मानल्याने गणित सुटसुटीत होते, आणि एखादी कल्पना इतके काम करीत असेल तर ती फुकाची म्हणता येत नाही.

अभाव कळतो कसा, यावर कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते प्रत्यक्षातच बसवले. पण एका अटीवर दोघांचे एकमत आहे: जे असते तर नक्की दिसले असते, त्याचेच न दिसणे अभावाचा पुरावा होते. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पटलाचा काप पाहताना हीच अट अक्षरशः लागू होते. ज्या पद्धतीत जड अणू उजळ दिसतात, तिच्यात ५६ अणुक्रमांकाच्या बेरियमचे ठिपके लख्ख उठतात आणि ८ अणुक्रमांकाचा ऑक्सिजन जवळजवळ दिसतच नाही. त्या चित्रात साखळीतली जागा काळी आहे यावरून ती रिकामी आहे असे म्हणता येत नाही. ऑक्सिजन तिथे असता तरी चित्र तसेच दिसले असते. हलके अणू दाखवणारी दुसरी पद्धत वापरली, तरच न दिसण्याला वजन येते. मीमांसकांची अट सूक्ष्मदर्शकाच्या नव्हे तर घड्याच्या उदाहरणावर घडली होती, पण तिचे तर्कशास्त्र साधन बदलले तरी बदलत नाही.

पाश्चात्य धर्मचिंतनात अभावाची कल्पना वेगळ्या कामी आली. ऑगस्टीनने अनिष्टाला स्वतंत्र अस्तित्व नाकारले. जे काही आहे ते ईश्वराने निर्मिलेले, म्हणून चांगले. अनिष्ट म्हणजे चांगुलपणाची उणीव, जसे अंधत्व म्हणजे दृष्टीची उणीव. देवाने अनिष्ट निर्माण केले का, या प्रश्नातून त्याने अशी सुटका केली. रिकाम्या जागेला हे वर्णन लागू पडते. पण २००४ मध्ये लॉस अलामॉस येथे ज्युडिथ मॅकमॅनस-ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी पटलात जे मिसळले, त्याला ते लागू पडत नाही. त्यांनी मिसळले बेरियम झिर्कोनेट. ते वायबीसीओमध्ये विरघळत नाही. त्याचे जालक सुमारे ८ टक्क्यांनी मोठे असल्याने आजूबाजूचा स्फटिक ताणला जातो, आणि त्या ताणामुळेच ते योग्य परिस्थितीत उभ्या रांगेत वाढत जाते. अशा पटलाच्या उभ्या कापात पायापासून पृष्ठभागापर्यंत ५ ते १० नॅनोमीटर जाडीचे खांब काही दशक नॅनोमीटरच्या अंतराने उभे दिसतात, आणि त्यांच्या कडेला वायबीसीओचे थर वाकलेले असतात. हे खांब म्हणजे कशाची उणीव नाही. ते भरीव, सुव्यवस्थित, स्वतःपुरते पूर्ण स्फटिक आहेत. ते दोष ठरतात केवळ जागेमुळे. उणीव हे दोषाचे पुरेसे लक्षण नाही, हे इथे दिसते. ऑगस्टीनच्या टीकाकारांनी वेदनेकडे बोट दाखवून तेच म्हटले होते: वेदना ही सुखाची अनुपस्थिती नसते, ती हजर असते.

मग दोष पाहणाऱ्याच्या गरजेवर सोपवावा का? बराच पुरावा त्या बाजूला झुकतो. हेच खांब क्षेत्र त्यांच्या दिशेने असेल तेव्हा उत्तम काम करतात आणि क्षेत्र आडवे झाले की त्यांचा उपयोग ओसरतो. ७७ केल्व्हिनला अशा जाड, रेषेसारख्या दोषांची गरज असते. फार कमी तापमानाला सुटे, बिंदूएवढे दोषही मोठा वाटा उचलतात. कण-सीमेचे उदाहरण तर सर्वात बोलके आहे. दोन स्फटिककण एकमेकांशी तिरके जोडलेले असले, की त्यांच्या सीमेवर प्रवाह अडखळतो. आयबीएममधील डिमॉस, चौधरी, मॅनहार्ट आणि लग्यूस यांनी १९८८ मध्ये जोड-स्फटिकांवर हे मोजले. पुढच्या मोजमापांतून दिसले की काही अंशांच्या पुढे प्रवाहक्षमता घातांकी वेगाने घटते. प्रवाह वाहण्यासाठी याहून वाईट दोष क्वचितच असेल, आणि तारेसारख्या वापरायच्या लांब पट्ट्यांमध्ये सर्व कण एका दिशेत आणण्यासाठी उद्योगाने वर्षानुवर्षे कष्ट घेतले. पण तीच सीमा मुद्दाम बांधली तर ती जोसेफसन संधी, म्हणजे दोन अतिसंवाहकांमधला दुबळा जोड, होते, आणि तिच्यावर अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे चालतात. १९९४ मध्ये त्सुई आणि कर्टली यांनी तीन स्फटिकांच्या अशा सीमा एका बिंदूत आणून या पदार्थात अतिसंवाहक प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांची सममिती कोणती, हा मोठा वाद सोडवायला निर्णायक पुरावा दिला. ज्या सीमेने तार निकामी होते, तिच्यामुळेच पदार्थाचे अंतरंग कळले.

तरीही यावरून दोष मनाचा खेळ ठरत नाही. प्रयोजन माणूस निवडतो. पण प्रयोजन एकदा ठरले की कोणता दोष साहाय्य करील आणि कोणता घात करील, हे माणसाच्या हातात उरत नाही. दोन-चार नॅनोमीटरचा दोष भोवऱ्याला धरतो, कारण गाभ्याची रुंदी तेवढी आहे. ही रुंदी कोणी ठरवलेली नाही. तांब्याच्या जागी अगदी थोडे जस्त गेले तरी वायबीसीओचे अतिसंवाहक तापमान झपाट्याने घसरते. शिशासारख्या साध्या अतिसंवाहकात चुंबकत्व नसलेली भेसळ जवळपास निरुपद्रवी असते, असे फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्ये दाखवले होते. पण तांब्याच्या ऑक्साइडमधील जोड्यांची सममिती निराळी असल्याने तिथे ते संरक्षण मिळत नाही. दोष हा वस्तू, तिच्याकडून मागितलेले काम आणि निसर्गाचा नियम यांच्यातला संबंध आहे. त्यातले एक टोक माणसाकडे असते, म्हणून सगळा संबंध माणसाने रचला असे होत नाही.

याला आणखी एक बाजू आहे, जिची चर्चा कमी होते. क्षेत्र तांबे-ऑक्सिजनच्या पातळ्यांना समांतर असेल, तर भोवरे त्या पातळ्यांच्या मधल्या, दुबळ्या थरांत जाऊन अडकतात. इथे एकही दोष लागत नाही. स्फटिकाची नियमित, थरांची रचनाच भोवऱ्यांना खिळवते. म्हणजे खिळवणे हे कार्य दोषाची खास मालमत्ता नाही. असमानता हवी, मग ती नियमभंगातून येवो की नियमातून. ‘अपूर्णतेतच खरी शक्ती असते’ अशी जी लोकप्रिय विधाने या संशोधनातून काढली जातात, ती इथेच ढिली पडतात.

उलट दिशेने भोवऱ्यांच्या मांडणीतही हाच प्रश्न उभा राहतो. एकमेकांना ढकलणारे भोवरे स्वतःच त्रिकोणी जालकात रचले जातात, आणि त्या जालकातही डिसलोकेशन पडतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नायोबियम डायसेलेनाइड या कमी तापमानाच्या अतिसंवाहकातील भोवऱ्यांचे जालक टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने थेट पाहिले गेले आहे. क्षेत्र वाढवत नेले की एका टप्प्यावर ते जालक विस्कळीत होऊ लागते. सुव्यवस्थित जालक ताठ असते. त्याला विखुरलेल्या दोषांशी जुळवून घेता येत नाही आणि ते सगळे मिळून सरकते. विस्कटले की प्रत्येक भोवरा आपापली जागा धरू शकतो, आणि प्रवाहक्षमता उसळी घेते. स्फटिकाची अव्यवस्था आणि भोवऱ्यांची अव्यवस्था, या दोन पातळ्या एकत्र पाहिल्याशिवाय कोणत्या पातळीवर काय दोष आहे, हे विधानच अपुरे राहते.

आता तो जुना युक्तिवाद. १७१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थिओडिसी’त लायब्नित्स म्हणतो की एखाद्या भागातील अनिष्ट समग्राच्या अधिक मोठ्या पूर्णतेसाठी आवश्यक असू शकते. खिळवणारा खांब या युक्तिवादाचे हुबेहूब उदाहरण वाटतो: भाग निकामी, समग्र समर्थ. शक्यता म्हणून लायब्नित्सचे म्हणणे इथे सिद्धही होते. भागातील हानी आणि समग्राचा लाभ तर्काने विसंगत नाहीत. पण त्यापुढे हे उदाहरण त्याला नेत नाही. खांबांनी पटलाचा काही आकारमान-हिस्सा कायमचा व्यापलेला असतो, आणि त्यांच्या ताणाने अतिसंवाहक तापमान थोडे उतरते. प्रमाण वाढवत गेले तर तोटा लाभाच्या पुढे जातो. शिवाय पटलात असे कितीतरी दोष असतात ज्यांचा समग्राला काहीच उपयोग नाही: भेगा, भलत्या दिशेने वाढलेले कण. काही दोष उपकारक आहेत यावरून सर्वच दोष उपकारक आहेत हे निघत नाही, आणि लायब्नित्सला नेमके हे दुसरे विधान हवे होते. त्याहून मोठा फरक असा की खांबाला काही सोसावे लागत नाही. ज्याला सोसावे लागते, त्याच्या हानीची भरपाई समग्राच्या हिशोबात मांडायची का, हा प्रश्न स्फटिकाच्या उदाहरणात उद्भवतच नाही. म्हणून पदार्थविज्ञानातून ईश्वराच्या न्यायाचे समर्थन काढणारे लेखन प्रामाणिक असले तरी उसने बळ वापरते.

दोषाला काळाचीही बाजू आहे, आणि तिचा पुरावा सध्या अणुसंलयन भट्ट्यांसाठी होत असलेल्या प्रयोगांतून मिळतो. सप्टेंबर २०२१ मध्ये एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्युजन सिस्टिम्स ही कंपनी यांनी या ऑक्साइडच्या पट्ट्यांनी बांधलेल्या मोठ्या चुंबकातून २० टेस्ला क्षेत्र मिळवले. अशा चुंबकावर भट्टी चालू असताना न्यूट्रॉनांचा मारा होत राहणार. प्रत्येक वेगवान न्यूट्रॉन काही नॅनोमीटरच्या भागात अणू विस्कटून टाकतो, आणि हा आकार भोवऱ्याला खिळवायला नेमका जुळतो. त्यामुळे चुंबकाला लागणाऱ्या कमी तापमानाला आणि मोठ्या क्षेत्रात पट्टीची प्रवाहक्षमता सुरुवातीला वाढते. मारा चालू राहिला की अतिसंवाहक तापमान खाली येत जाते, एका शिखरानंतर क्षमता उतरणीला लागते आणि मूळ पातळीच्याही खाली जाते. न्यूट्रॉन तोच, विस्कळीतपणा त्याच जातीचा. पहिला टप्पा उपकार आणि दुसरा अपकार. ज्या पट्ट्यांत कृत्रिम खांब आधीच भरलेले असतात, त्या हे शिखर लवकर गाठतात आणि लवकर उतरतात, कारण नव्या दोषाने सुधारावे असे त्यांच्यात थोडेच उरलेले असते. नंतर पट्टी तापवून ठेवल्यास विस्कटलेले काही अणू जागी परततात आणि गेलेली क्षमता अंशतः मिळते. म्हणून संलयनासाठी पट्टी निवडताना तिची आजची प्रवाहक्षमता पुरेशी ठरत नाही. तिच्यात आणखी किती दोष मावतील, हेही पाहावे लागते.